टॉर्बर्नाइट: हिरवा रंग तांब्याचा, किरणोत्सर्ग युरेनियमचा

गेल्या महिन्यात भाच्याने व्हॉट्सॲपवर एक लिंक पाठवली. परदेशी विक्रेता, प्लास्टिकची छोटी डबी, डबीत करड्या दगडाचा तुकडा आणि त्यावर काचेच्या चौकोनी चकत्या रोवल्यासारखे हिरवेगार स्फटिक. खाली जाहिरात: 'खरा युरेनियम क्रिस्टल, अंधारात चमकतो.' भाच्याचा प्रश्न: "मामा, घेऊ का? भारी दिसतोय. रात्री खरंच चमकतो का?"

मी लिहिलं, "चमकत नाही. आणि घेऊ नकोस." त्यावर साहजिकच "का?" आलं.

त्या 'का'चं उत्तर मेसेजमध्ये मावणारं नव्हतं. शिवाय या खनिजाबद्दल इंटरनेटवर दोनच टोकं दिसतात. एकीकडे 'दुर्मिळ, सुंदर, संग्रहात हवंच' म्हणणारे विक्रेते, दुसरीकडे 'जगातला सर्वात घातक दगड' अशा थंबनेलचे व्हिडिओ. दोघंही हिरव्या रंगाचं भांडवल करतात. खरं तर त्या रंगाचा किरणोत्सर्गाशी संबंध नाही. आणि किरणोत्सर्ग किती, हे त्याच्या रासायनिक सूत्रावरूनही पुरतं कळत नाही. त्यासाठी स्फटिक किती जुना आहे ते विचारावं लागतं. ही दुसरी गोष्ट मला जास्त रंजक वाटते, कारण रेडियमच्या शोधाची वाट याच हिरव्या दगडावरून गेली होती.

हे खनिज आहे तरी काय?

नाव टॉर्बर्नाइट. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ टॉर्बर्न बर्गमन (१७३५–१७८४) यांच्यावरून ते पडलं. त्याआधी खाणकामगार आणि खनिज गोळा करणारे त्याला 'हिरवा अभ्रक' म्हणत, कारण त्याचे अभ्रकासारखेच पापुद्रे निघतात. जुन्या पुस्तकांत 'कॅल्कोलाइट' असंही नाव सापडेल. ग्रीक भाषेत 'काल्कोस' म्हणजे तांबं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रसायनाच्या भाषेत हे कॉपर युरॅनिल फॉस्फेट. त्याच्या एका एककात तांब्याचा एक अणू, दोन युरॅनिल गट, दोन फॉस्फेट गट आणि पाण्याचे बारा रेणू असतात. युरॅनिल म्हणजे मध्ये युरेनियमचा अणू आणि त्याच्या दोन विरुद्ध बाजूंना घट्ट बसलेले ऑक्सिजनचे दोन अणू. वजनाचा हिशेब केला तर १०० ग्रॅम शुद्ध टॉर्बर्नाइटमध्ये साधारण ४७ ग्रॅम युरेनियम, २१ ग्रॅम पाणी आणि जेमतेम ६ ग्रॅम तांबं निघतं. म्हणजे दिसायला नाजूक, पण जवळपास निम्मं वजन युरेनियमचं.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ मार्टिन क्लाप्रोथ यांनी १७८९ साली पिचब्लेंड या काळ्या, जड खनिजात युरेनियम हे नवं मूलद्रव्य ओळखलं. हिरव्या अभ्रकातही तेच मूलद्रव्य आहे हे त्यांच्याच अभ्यासातून पुढे आलं. किरणोत्सर्ग हा शब्दही तेव्हा नव्हता. पुढची शंभर वर्षं युरेनियमचा उपयोग मुख्यतः काच आणि चिनी मातीची भांडी रंगवायला होत राहिला.

हिरवा रंग कुठून आला?

युरॅनिलचा स्वतःचा रंग पिवळा. युरेनियमची बहुतेक 'दुय्यम' खनिजं, म्हणजे मूळ खनिज कुजून बनलेली खनिजं, पिवळीधमक किंवा नारिंगी असतात ती त्यामुळेच. तांब्याचा अणू पाण्याच्या रेणूंनी वेढला गेला की निळा दिसतो, मोरचूद आठवा. टॉर्बर्नाइटमध्ये पिवळा युरॅनिल आणि पाण्याने वेढलेलं निळसर तांबं एकत्र येतात, आणि आपल्याला दिसतो तो पाचूसारखा हिरवा. तांब्याची ही करामत आपल्या स्वयंपाकघराला नवी नाही. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की ते कळकतं आणि कडेला हिरवट थर येतो. तोही तांब्याचाच उद्योग.

या जागी तांब्याऐवजी कॅल्शियम आलं की खनिजाचं नाव बदलून ऑट्यूनाइट होतं. फ्रान्समधल्या ऑटुन गावावरून हे नाव आहे. बाकी सांगाडा तोच, युरेनियमही तेवढंच, पण रंग लिंबासारखा पिवळा-हिरवा. अतिनील म्हणजे युव्ही टॉर्च मारली तर ऑट्यूनाइट झगझगीत हिरवा पेटतो. टॉर्बर्नाइट मात्र त्याच टॉर्चखाली बहुधा मुकाट बसून राहतो.

कारण असं: युव्ही प्रकाश युरॅनिलला उत्तेजित करतो आणि ती ऊर्जा हिरव्या प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते. याला प्रतिदीप्ती म्हणतात. टॉर्बर्नाइटमध्ये शेजारीच तांबं असतं. ते ही ऊर्जा स्वतःकडे ओढून घेतं आणि उष्णतेत घालवतं, त्यामुळे प्रकाश बाहेर येतच नाही. म्हणजे ज्या तांब्याने या स्फटिकाला हिरवा रंग दिला, त्यानेच त्याची चमक मारली. आणि टॉर्च बंद केली, तर अंधारात आपोआप डोळ्यांना दिसेल असा उजेड ऑट्यूनाइटही देत नाही.

मग 'किरणोत्सारी म्हणजे हिरवं चमकणारं' ही समजूत आली कुठून? कार्टूनचा हात आहेच, पण मूळ बहुतेक रेडियमच्या घड्याळांत असावं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घड्याळाच्या काट्यांना लावत त्या रंगात रेडियमबरोबर झिंक सल्फाइडची पूड असायची. रेडियमचे किरण या पुडीवर आदळायचे आणि पूड हिरवी उजळायची. त्या पुडीत मुद्दाम मिसळलेला अंशही सहसा तांब्याचाच. तिथे तांब्याने चमक दिली आणि इथे घालवली, कारण आसपासची रचना वेगळी. रसायनशास्त्रात असले विरोधाभास भेटले की मला बरं वाटतं.

पत्त्यांच्या कॅटसारखी रचना

टॉर्बर्नाइटचे गुणधर्म एकेक करून पाठ करण्यापेक्षा त्याची आतली रचना डोळ्यांसमोर आणली की बाकीचं आपोआप कळतं. युरॅनिल आणि फॉस्फेट मिळून सपाट थर तयार करतात. हे थर पत्त्यांच्या कॅटसारखे एकावर एक रचलेले असतात. दोन पत्त्यांच्या मध्ये तांबं आणि पाणी. थराच्या आतली पकड मजबूत, पण थराथरांमधली पकड फक्त तांबं आणि पाणी यांच्या भरवशावर.

म्हणून स्फटिक चपटे, चौकोनी चकत्यांसारखे वाढतात. म्हणून त्यांचे सहज पापुद्रे सुटतात आणि सुटलेल्या पृष्ठभागावर मोत्यासारखी झाक दिसते. कठीणपणा मोह्स मापावर २ ते २.५, म्हणजे नखाने ओरखडा उठू शकतो (प्रयोग करू नका, कारण पुढे येईलच). घनता पाण्याच्या सुमारे ३.२ पट. एवढं युरेनियम असूनही घनता इतकी कमी कशी, याचंही उत्तर त्या पाण्यात आहे.

बारापैकी चारच पाण्याचे रेणू तांब्याला थेट बांधलेले असतात. बाकीचे मधल्या जागेत केवळ हायड्रोजन बंधांनी अडकलेले. हवा कोरडी झाली की यांतले काही निघून जातात. पाणी आठ रेणूंवर आलं की खनिजाचं नाव बदलतं: मेटाटॉर्बर्नाइट. साधारण ७५ अंश सेल्सिअसच्या वर हा बदल नक्कीच होतो, पण कोरड्या खोलीत शोकेसमध्ये ठेवलेल्या नमुन्यातही तो हळूहळू होत राहतो. थरांमधलं अंतर सुमारे १० अँगस्ट्रॉमवरून साडेआठच्या आसपास येतं, वजन सुमारे ७ टक्के घटतं, घनता ३.७ च्या घरात जाते. एकदा मेटा झालेला स्फटिक पुन्हा ओला केला तरी पूर्ववत होत नाही.

बाहेरचा आकार तोच राहतो, पण आतून आकसल्यामुळे स्फटिकाला भेगा पडतात, हिरवा रंग थोडा मंद होतो, कडा भुगा होऊन गळू लागतात. संग्रहालयांत 'टॉर्बर्नाइट' अशी जुनी चिठ्ठी लावलेले कितीतरी नमुने आज प्रत्यक्षात मेटाटॉर्बर्नाइट झालेले असतात. भाच्याने पाठवलेल्या फोटोतलाही तसाच असावा; डबीच्या तळाशी हिरवी पूड स्पष्ट दिसत होती. विक्रेत्याने तिला 'बोनस पावडर' म्हटलं होतं. हसावं की रडावं कळेना.

जमिनीखाली हे बनतं कसं?

टॉर्बर्नाइट खोल पृथ्वीच्या पोटात, प्रचंड तापमानात वगैरे बनत नाही. तो पृष्ठभागाच्या जवळ, साध्या भूजलातून बनतो. त्यासाठी तीन वेगवेगळे घटक एका भेगेत भेटावे लागतात.

पहिला घटक युरेनियम. खडकांत तो मुख्यतः युरॅनिनाइट या काळ्या ऑक्साइडच्या रूपात असतो. पिचब्लेंड हा त्याचाच गोळ्यांसारखा, ढेकळी प्रकार. यातलं युरेनियम 'चार धन' अवस्थेत असतं आणि पाण्यात जवळपास विरघळत नाही. त्यामुळे कोट्यवधी वर्षं ते जागच्या जागी बसून राहू शकतं. पण डोंगर झिजून किंवा खाण खोदल्यामुळे तिथपर्यंत हवा खेळवलेलं पावसाचं पाणी पोहोचलं की ऑक्सिजन त्याला 'सहा धन' अवस्थेत नेतो. हेच युरॅनिल. ते पाण्यात सहज विरघळतं आणि वाहू लागतं.

दुसरा घटक तांबं. ते कॅल्कोपायराइटसारख्या सल्फाइड खनिजांतून येतं. तोच ऑक्सिजन सल्फाइडलाही कुजवतो. त्यातून तांबं सुटतं आणि वर पाणी आम्लधर्मी होतं. हे आम्ल तिसऱ्या घटकाच्या कामी येतं: ॲपेटाइट या खनिजातलं फॉस्फेट आम्लात विरघळून बाहेर येतं. तिघे विरघळलेल्या रूपात एकाच भेगेत आले की गणित फिरतं, कारण युरॅनिल आणि फॉस्फेट एकत्र आल्यावर होणारं संयुग पाण्यात फारच कमी विरघळतं. भेगेच्या भिंतीवर हिरव्या चकत्या वाढू लागतात. जवळपास तांब्याऐवजी कॅल्शियमच जास्त असेल तर ऑट्यूनाइट. फॉस्फेटऐवजी आर्सेनेट असेल तर झ्यूनेराइट नावाचं, दिसायला जवळपास असंच हिरवं खनिज.

यामुळेच टॉर्बर्नाइट मिळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: जिथे ग्रॅनाइटसारख्या खडकांत युरेनियम आणि तांबं शेजारी आहे. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधलं गनिसलेक, झेकिया–सॅक्सनी सीमेवरचे याखीमोव आणि योहानगेओर्गेनश्टाट हे खाणींचे पट्टे, फ्रान्समधली मार्गाबाल खाण, काँगोच्या पूर्वीच्या कटांगा प्रांतातलं मुसोनोई. आपल्याकडे झारखंडच्या सिंहभूम पट्ट्यात तांबं, युरेनियम आणि ॲपेटाइट तिन्ही एकत्र आहेत. जादूगुडाची युरेनियम खाण याच पट्ट्यात. तिथल्या पृष्ठभागाजवळच्या कुजलेल्या भागात टॉर्बर्नाइट आणि ऑट्यूनाइट दोन्हींच्या नोंदी आहेत. खडकावर असे हिरवे-पिवळे पापुद्रे दिसले की खाली मूळ युरेनियम असू शकतं, हा भूगर्भशास्त्रज्ञांचा जुना ठोकताळा आहे.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसॉल्टचा. त्यात युरेनियम ग्रॅनाइटच्या मानाने फारच कमी. म्हणून इथल्या खाणीतला हिरवा, चौकोनी स्फटिक कुणी टॉर्बर्नाइट म्हणून दाखवला तर आधी ॲपोफिलाइटचा संशय घ्या. पुण्याच्या पाषाणच्या टेकड्यांतला आणि जळगावकडचा हिरवा ॲपोफिलाइट जगभरच्या संग्राहकांत नावाजलेला आहे. त्याचा हिरवेपणा व्हॅनेडियममुळे येतो, नखाने त्याच्यावर ओरखडा उठत नाही, आणि तो किरणोत्सारी नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती याच रसायनावर उभी आहे. युरॅनिल पाण्यातून वाहतं आणि फॉस्फेट भेटलं की घट्ट बसतं, हे कळल्यावर अभियंत्यांनी विचार केला की दूषित भूजलात मुद्दाम फॉस्फेट सोडलं तर? अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्ड इथे जुन्या अणुकार्यक्रमामुळे भूजलात युरेनियम उतरलंय. तिथे फॉस्फेटचं द्रावण जमिनीत सोडून युरेनियमला जागच्या जागी ऑट्यूनाइटसारख्या खनिजात अडकवायचे प्रयोग झालेत. निसर्ग भेगांत जे करतो तेच, फक्त पंप लावून.

मेरी क्युरी आणि प्रयोगशाळेतला हिरवा स्फटिक

आता त्या 'कॅल्कोलाइट'कडे परत येऊ.

१८९६ मध्ये आंरी बेकरेल यांना आढळलं की युरेनियमच्या क्षारांतून अदृश्य किरण बाहेर पडतात. त्यानंतर पॅरिसमध्ये मेरी क्युरींनी हा विषय संशोधनाला घेतला. त्यांच्याकडे एक मोठा फायदा होता: पती पिएर आणि दीर जाक यांनी बनवलेलं विद्युतमापक उपकरण. किरणांमुळे हवा किती वीज वाहून नेते, हे त्यावर अगदी बारकाईने मोजता येत असे. मेरींनी एकामागून एक संयुगं तपासली. निष्कर्ष साधा होता: पदार्थात युरेनियम जितकं जास्त, तितके किरण जास्त. तो ओला आहे, सुका आहे, कुठल्या संयुगात आहे, याने विशेष फरक पडत नाही. म्हणजे हा युरेनियमच्या अणूचाच गुणधर्म.

मग त्यांनी नैसर्गिक खनिजं घेतली आणि हिशेब चुकायला लागला. पिचब्लेंडचे काही नमुने शुद्ध युरेनियम धातूच्या जवळपास चौपट निघाले. कॅल्कोलाइट दुप्पट. निम्मंच युरेनियम असलेला दगड पूर्ण युरेनियमपेक्षा दुप्पट सक्रिय कसा असेल?

पिचब्लेंडबद्दल शंका काढता आली असती. तो म्हणजे डझनभर मूलद्रव्यांची खिचडी. त्यात नेमकं काय काय आहे कोण सांगणार? पण कॅल्कोलाइटचं सूत्र स्वच्छ होतं, आणि तो प्रयोगशाळेत बनवता येत होता. मेरींनी तेच केलं. दब्रे या रसायनशास्त्रज्ञाची कृती वापरून त्यांनी युरेनियम नायट्रेटचं द्रावण आणि फॉस्फोरिक आम्लात विरघळवलेलं कॉपर फॉस्फेट एकत्र केलं, ५० ते ६० अंशांवर कोमट ठेवलं आणि वाट पाहिली. द्रावणात हिरवे स्फटिक तयार झाले. तेच घटक, तीच रचना, तोच रंग.

उपकरणावर ठेवल्यावर हा कृत्रिम कॅल्कोलाइट युरेनियम धातूच्या अडीचपट कमी सक्रिय निघाला. म्हणजे त्यातल्या युरेनियमच्या प्रमाणात जेवढं अपेक्षित, साधारण तेवढाच.

माझ्या मते विज्ञानाच्या इतिहासातल्या सर्वात नेटक्या तुलनांपैकी ही एक आहे. रासायनिक तपासणीत सारखेच दोन हिरवे स्फटिक, आणि खाणीतून आलेला प्रयोगशाळेतल्यापेक्षा कित्येक पट सक्रिय. मग जास्तीचे किरण युरेनियमचे नाहीत, तांब्याचे नाहीत, फॉस्फेटचे नाहीत. रासायनिक विश्लेषणात सापडणार नाही इतक्या कमी प्रमाणात, पण युरेनियमहून कितीतरी सक्रिय असं काहीतरी नैसर्गिक दगडात आहे. १२ एप्रिल १८९८ रोजी त्यांचं टिपण पॅरिसच्या विज्ञान अकादमीत वाचलं गेलं. वाचलं गाब्रिएल लिपमन यांनी, कारण मेरी अकादमीच्या सदस्य नव्हत्या. त्याच वर्षी जुलैत पोलोनियम आणि डिसेंबरात रेडियम जाहीर झालं. ती दोन्ही पिचब्लेंडमधून निघाली, त्यामुळे पाठ्यपुस्तकांत नाव पिचब्लेंडचं राहिलं. हिरव्या दगडाची साक्ष मागे पडली.

स्फटिकाचं वय आणि त्याचा किरणोत्सर्ग

ते 'काहीतरी' दगडात आलं कुठून, हे १८९८ मध्ये कुणालाच माहीत नव्हतं. रदरफर्ड आणि सॉडी यांनी पुढच्या चार-पाच वर्षांत दाखवलं की किरणोत्सारी अणू फुटून दुसऱ्याच मूलद्रव्यात बदलतात. युरेनियम-२३८ चा अणू थेट स्थिर होत नाही. एकूण १४ पायऱ्या उतरून तो शिसं-२०६ होतो. यात ८ वेळा अल्फा आणि ६ वेळा बीटा कण बाहेर पडतात. वाटेत थोरियम-२३० (अर्धायुष्य सुमारे ७५ हजार वर्षं), रेडियम-२२६ (१६०० वर्षं), रेडॉन-२२२ वायू (३.८ दिवस) आणि पोलोनियम-२१० (१३८ दिवस) लागतात.

प्रयोगशाळेतल्या शुद्ध युरेनियम क्षारातून ही पिलावळ रासायनिक प्रक्रियेतच वेगळी पडलेली असते. मेरींचा कृत्रिम स्फटिक म्हणजे नुकतंच जन्मलेलं बाळ. खाणीतला स्फटिक जुना, त्यात सगळी वंशावळ साठलेली.

खाली एक ढोबळ हिशेब करून बघू. शुद्ध केलेल्या युरेनियममध्ये मालिकेतले दोनच मुख्य अल्फा टप्पे चालू असतात, युरेनियम-२३८ आणि २३४ यांचे. पूर्ण साठलेल्या मालिकेत आठ, म्हणजे चौपट. कॅल्कोलाइटमध्ये युरेनियम निम्मं. चौपटीचं निम्मं दुप्पट. मेरींच्या मापातला आकडा हाच. अर्थात कणांचा पल्ला, नमुन्याची जाडी, निसटलेला रेडॉन हे सगळं यात धरलेलं नाही, तरी आकडा इतका जवळ यावा याची मजा आहेच.

याचा एक उपयोगही आहे. भूजलात युरॅनिल विरघळतं, पण थोरियम जवळपास विरघळत नाही. त्यामुळे पाण्यातून नवा टॉर्बर्नाइट वाढतो तेव्हा त्यात थोरियम-२३० नसल्यातच जमा असतं. पुढे ते आतल्या आत तयार होत राहतं आणि त्याच्या मागोमाग रेडियम. काही लाख वर्षांनी मालिका समतोलाला येते. म्हणून थोरियम आणि युरेनियम यांचं गुणोत्तर मोजलं की हा स्फटिक कधी बनला याचा अंदाज बांधता येतो, आणि त्यावरून त्या जागी भूजल केव्हा पोहोचलं होतं याचाही.

मग घरात ठेवायला काय हरकत?

एका ग्रॅम टॉर्बर्नाइटमध्ये एकट्या युरेनियम-२३८ चे सेकंदाला सुमारे ५,८०० अणू फुटतात. मालिका पूर्ण साठलेली असेल तर सगळे मिळून ८० हजारांच्या आसपास. तुलनेसाठी, केळ्यातल्या पोटॅशियममुळे एका केळ्यात सेकंदाला साधारण १५. मात्र नुसत्या मोजणीवरून धोका ठरत नाही. अल्फा कण कागदानेही अडतात, त्वचेच्या बाहेरच्या मृत थरातही. बीटा आणि गॅमा काही प्रमाणात डबीबाहेर येतात, पण हाताएवढ्या अंतरावरून पाच मिनिटं पाहिल्याने कुणाला काही होत नाही. 'बघितलं की कॅन्सर' वाले व्हिडिओ इथे चुकतात.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती वर सांगितलेल्या गुणधर्मांतूनच येते. हा स्फटिक मऊ आहे, त्याचे पापुद्रे सुटतात आणि कोरडा पडला की त्याचा भुगा होतो. हा भुगा बोटांवरून तोंडात किंवा श्वासातून फुप्फुसात गेला तर अल्फा कणांना अडवायला त्वचाही नाही, कागदही नाही. शिवाय रेडियमपासून बनणारा रेडॉन हा वायू आहे. भेगाळलेल्या स्फटिकातून तो सहज निसटतो. बंद डबीत महिनाभर साठतो आणि झाकण उघडलं की तोंडाशी येतो. धूम्रपानानंतर फुप्फुसाच्या कॅन्सरचं दुसऱ्या क्रमांकाचं कारण म्हणून आरोग्य संस्था रेडॉनकडेच बोट दाखवतात. एका छोट्या नमुन्याने खोली भरून जाईल असं नाही, पण बंद एसी बेडरूममध्ये उशाशी ठेवायची ही वस्तू नव्हे. ज्या संस्थांकडे असे नमुने असतात त्या ते हवेशीर कपाटात, वेगळ्या खोलीत, चिठ्ठी लावून ठेवतात आणि हातमोजे घालून हाताळतात.

दुसरी बाब कायद्याची. युरेनियम आणि त्याची खनिजं भारतात अणुऊर्जेविषयीच्या कायद्यांच्या नियंत्रणाखाली येतात. परवान्याशिवाय ती बाळगणं, विकणं किंवा परदेशातून मागवणं अंगाशी येऊ शकतं. मे २०२१ मध्ये महाराष्ट्र एटीएसने मुंबईत सुमारे ७ किलो नैसर्गिक युरेनियम जप्त करून दोघांना अटक केली होती. ते प्रकरण कितीतरी मोठं, पण कस्टम्सच्या टेबलावर 'मामा, तो तर शोपीस होता' हे उत्तर चालणार नाही, एवढं भाच्याला सांगितलं.

आजोबांच्या किंवा कॉलेजच्या जुन्या संग्रहात असा हिरवा, पापुद्र्यांचा दगड आधीपासूनच असेल तर घाबरून कचऱ्यात किंवा नाल्यात टाकू नका. तोडू नका, घासू नका, ब्रशने साफ करू नका. शक्यतो न हलवता खोली मोकळी ठेवा, खिडकी उघडी ठेवा, आसपासची पूड ओल्या कागदाने टिपून पिशवीत बंद करा आणि हात धुवा. नंतर जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला किंवा अणुऊर्जा विभागाच्या अणुखनिज संचालनालयाला कळवा. नमुना खरंच टॉर्बर्नाइट आहे की पाषाणचा ॲपोफिलाइट, हे गायगर काउंटर काही सेकंदांत सांगतो.